आठशे सेहेचाळीस खुंट्या

मागच्या खोलीची किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात होती आणि महिना संपायला बावीस दिवस उरले होते. तेवढ्या दिवसांत ती घरमालकाच्या हातात पडायला हवी होती. घरमालकाच्या मुलीला त्या खोलीत दवाखाना काढायचा होता. त्यांनी सहा महिने आधी सांगितलं होतं आणि गोडीत सांगितलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

खोलीत आठशे सेहेचाळीस खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला एका गिऱ्हाइकाचा नंबर आणि त्यावर सुतळीने बांधून टांगलेली लाकडी कलबुतं. कलबूत म्हणजे बुटाला आतून आकार देणारा लाकडी पाय. दुकानात मात्र त्याला कोणी कलबूत म्हणत नसे, पायच म्हणत. "दोनशे बाराचे पाय काढ," असं म्हटलं की शिलाईवाल्या मावशीसुद्धा खुंटीपर्यंत डोळे मिटून जात.

तयार बूट ज्यांना होत नाहीत, अशांसाठी हे दुकान होतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. अडतीस वर्षांत काकांनी हे सगळे पाय हाताने कोरले होते. गिऱ्हाइकाचा पाय सुजला की लाकडावर चामड्याचा तुकडा चिकटवून तेवढा फुगवटा करायचा आणि बाजूला पेन्सिलीने लिहायचं, "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर." पाय फारच बदलला तर नवी जोडी कोरायची आणि जुनीच्या शेजारी टांगायची. काकांनी आजवर एकही पाय टाकला नव्हता.

गेल्या वर्षी दुकानात कोरणारं यंत्र आलं. संगणकातला आकार वाचून ते दोन तासांत लाकडाचा पाय काढून द्यायचं. तेव्हापासून काकांच्या पुतणीच्या मनात होतं की सगळ्या खुंट्यांवरचं लाकूड स्कॅन करून ठेवलं तर खोलीची गरजच उरणार नाही. पुतणी सहा वर्षं दुकानाचा कारभार बघत होती. घरमालकाचा निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "काका, एकही पाय हरवणार नाही. माझा शब्द."

काकांनी खिशावर हात ठेवला. "तुझ्या पेटीत सगळे पाय मावतात आणि टिकतात, हे मला दाखव. मग किल्ली. लाकूड एकदा गेलं की मला परत मिळणार नाही."

पेटी म्हणजे सर्व्हर. काकांनी ते नाव ठेवलं आणि ते पसरलं. त्यामुळे तो विकायला येणारा माणूसही दुकानात पेटीवालाच झाला.

पेटीवाला गुरुवारी दुपारी आला. सोमवारी भाड्याचा स्कॅनर यायचा होता, पुढचे दोन आठवडे. त्याच्याआधी फाइली ठेवायला जागा हवी, म्हणून त्याच दिवशी पाचच्या आत ऑर्डर द्यायची होती. तो चाळिशीचा, नीटनेटका, टोकदार काळे बूट घातलेला. आल्याआल्या त्याने कोरणाऱ्या यंत्राच्या संगणकाचं झाकण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. पंख्याभोवती चामड्याच्या भुशाचा बोटभर जाडीचा थर बसला होता.

"मॅडम, यात उंदीर राहतात का?"

"उंदराला इथलं भाडं परवडत नाही," मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या.

त्याने खिशातून छोटा ब्रश काढला आणि काम करता करता प्रश्न विचारले. लाइट जातात का? जात नाहीत, पण घासायची मोटर सुरू झाली की दिवे मंदावतात आणि आठवड्यातून दोनदा संगणक आपोआप बंद होऊन सुरू होतो. एकावेळी किती जण फाइल उघडतात? दोन, फार तर तीन. एक फाइल किती मोठी? पुतणीने आदल्या आठवड्यात ओळखीच्या ठिकाणी जाऊन एक पाय नमुन्यासाठी स्कॅन करून आणला होता. सगळ्या बाजूंचे फोटो धरून दोन जीबी.

"आणि अशा किती?"

"आठशे सेहेचाळीस."

"नक्की?"

"काका, खुंट्या किती?"

"आठशे सेहेचाळीस," आतून काका म्हणाले.

"मावशी?"

"आठशे सेहेचाळीस. गेल्या उन्हाळ्यात मीच नंबर रंगवलेत."

पेटीवाल्याने आकडा लिहिला. सोळाशे ब्याण्णव जीबी. मग तीन कागद मांडले. पहिल्यावर दोन डिस्कची छोटी पेटी होती, दोन टेराबाइटची, म्हणजे दोन हजार जीबी मावतील अशी. दुसऱ्यावर चार खणांची पेटी. तिसऱ्यावर कमरेइतका उंच सर्व्हर, ज्याच्या चित्रातच तीन पंखे दिसत होते.

तिसरा कागद पुतणीने लगेच उलटा ठेवला. "चार माणसांच्या घरात हॉटेलची शेगडी नको."

"मी पण नाहीच म्हणणार होतो," पेटीवाला म्हणाला. "दाखवावा लागतो. साहेब विचारतात, दाखवला का." त्याने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "तुम्हाला ही पुरे. आत दोन डिस्क. एकीवर जे लिहाल ते दुसरीवर आपोआप उमटतं, आरशासारखं. एक बंद पडली तरी काम चालू. उगाच मोठी कशाला घ्यायची? अंथरूण पाहून पाय पसरावेत."

काका आतून चामडं कापायची रापी पुसत बाहेर आले. "आमच्याकडे उलटं आहे. आम्ही पाय पाहून अंथरूण शिवतो."

पुतणी हसली, पण तिचा निर्णय झाला होता. तीनशे जीबी जागा मोकळी राहत होती. वर्षाला वीस-पंचवीस नवी गिऱ्हाइकं धरली तरी पाच-सहा वर्षांची सोय. तिने गुणाकार दोनदा करून पाहिला होता आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सही करण्याआधी तिला फक्त काकांना तो पाय दाखवायचा होता.

तिने पडद्यावर फाइल उघडली. करड्या रंगाचा पाय हळूहळू फिरू लागला. काका चष्मा वर करून जवळ गेले. चवडा, टाच, अंगठ्याखालचा खळगा. पेन्सिलीची अक्षरंही वाचता येत होती. काकांचा चेहरा उजळला.

"एक नंबर," ते म्हणाले. "शाळेचे हेडमास्तर. अरे वा, हा खळगा बघ, हा मला तीनदा कोरावा लागला होता." त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. "हा उजवा झाला. डावा कुठाय?"

"डावाही असाच स्कॅन करायचा आहे, काका. तो सोमवारी..."

ती तिथेच थांबली. मग उठली, काकांपुढे हात पसरला, त्यांनी दिलेली किल्ली घेतली आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. समोर खुंटी नंबर एक. खुंटीवरची सुतळी आणि सुतळीला बांधलेले दोन पाय. जरा पुढे खुंटी नंबर सात, सुतळी दोन, पाय चार.

तिने खुंट्या मोजल्या होत्या. काकांनी खुंट्या सांगितल्या होत्या, मावशींनी खुंट्या रंगवल्या होत्या. अडतीस वर्षांत या दुकानात सुटा पाय कोणी मोजलाच नव्हता, कारण सुटा बूट कोणी विकत घेत नाही. आणि पेटीवाल्याने ती खोली पाहिलीच नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. "निम्मे पाय बाहेर राहिले असते," ती म्हणाली. "मी सगळं निम्मं धरलंय."

मावशींनी पहिल्यांदाच मशीन थांबवलं. दोन क्षण गेले आणि त्या इतक्या जोरात हसल्या की सुईतला दोरा निघाला. "अगं, मला विचारलंस तर मी पण तेच सांगितलं! जन्मभर जोड्या शिवते. माझ्या हिशेबाने या गल्लीत माणसंसुद्धा निम्मीच राहतात."

"हसू नका, मावशी. पाचला ऑर्डर द्यायचीय."

"घाबरू नका," पेटीवाला म्हणाला. तो मदत करायलाच निघाला होता, हे नोंदवायला हवं. "यावर सोपा उपाय आहे. उजवाच ठेवा. डावा लागेल तेव्हा संगणक उजव्याला आरशात उलटा करून डावा काढून देईल. एका बटणाचं काम. जागा निम्मी, स्कॅनिंगचा वेळ निम्मा, पेटी तीच."

मावशी काकांकडे बघत होत्या. पुतणी जमिनीकडे.

काकांनी चष्मा खाली घेतला. "बूट काढा, साहेब."

"माझे?"

"मोजेपण."

पेटीवाला गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला. काका त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसले, त्याचे पाय कागदावर ठेवले, पेन्सिल उभी धरून दोन्हींच्या कडेने रेघ मारली आणि मोजपट्टी लावली. मग डाव्या पायाची करंगळी उचलून बाजूला पाहिलं.

"हे कुरूप किती वर्षांचं?"

पेटीवाल्याने पाय आखडून घेतला. "आहे चार-पाच वर्षं. ते मी बँडेज लावतो. बूट नवीन असले की होतंच ना प्रत्येकाला."

"डावा सात मिलिमीटर लांब आहे. चवडा एका बोटाने रुंद. तुम्ही दुकानात उजवा घालून बघता आणि जोडी घेता."

"सगळे तसंच घेतात."

"म्हणून तर आमचं पोट चालतं," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या पेटीत एका डिस्कचा आरसा दुसरी, हे मला पटलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "डिस्कला आरसा चालतो. पायाला नाही. पायाला चालला असता तर मी अडतीस वर्षांत निम्मंच काम केलं असतं आणि बाकीच्या वेळात झोपलो असतो."

पेटीवाल्याने स्वतःच्या पायांच्या रेघा बराच वेळ पाहिल्या. मग मोजे घातले, बूट मात्र तसेच राहू दिले आणि फोन लावला. "साहेब, ऑर्डर उद्या दहाला देतो. नाही, नाही, गिऱ्हाईक कुठे जात नाही. मोजायला चुकलो. मी पण."

मग चौघांनी मोजलं. पुतणी आणि पेटीवाला खोलीत एकेका रांगेने निघाले, मावशी दारात बसून दर दहाला कागदावर रेघ मारत होत्या, आणि काका मध्येच एखादा पाय काढून त्याची गोष्ट सांगत होते. त्यामुळे काम लांबलं, पण कुणाची तक्रार नव्हती. एकशे एकेचाळीस खुंट्यांवर दुसरी जोडी निघाली. एकूण पाय एक हजार नऊशे चौऱ्याहत्तर. म्हणजे चार टेराबाइटला जेमतेम बावन्न जीबी कमी.

"यातल्या जुन्या जोड्या सोडून दिल्या तर?" पेटीवाल्याने हळूच विचारलं. त्याच्या पायात अजून फक्त मोजे होते.

"सुजलेला पाय उतरतो पण," काका म्हणाले. "तेव्हा जुनाच लागतो."

"बरं. मग नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर गेली. चार खणांची पेटी, दोन खणांत आठ-आठ टेराबाइटच्या डिस्क, एकमेकींचा आरसा, आणि दोन खण रिकामे. रिकाम्या खणांचं काकांना विशेष बरं वाटलं. मागच्या खोलीतही त्यांनी नेहमी शेवटच्या फळीवर नंबर न घातलेल्या चार मोकळ्या खुंट्या ठेवल्या होत्या. सोबत एक यूपीएस, घासायच्या मोटरमुळे दिवे मंदावतील तेव्हा पेटीला सांभाळायला. पेटी कुठे ठेवायची, यावर थोडा वाद झाला. पुतणीला ती यंत्राशेजारी सोयीची वाटत होती. पेटीवाल्याने कालच्या भुशाने भरलेला ब्रश पुढे धरला. शेवटी माप घ्यायच्या पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या खुर्चीमागे, जाळीच्या दाराचं भिंतीतलं कपाट ठरलं. तिथे चामडं कापत नसत.

"आणि तिसरी प्रत," पेटीवाला म्हणाला. "सुटी डिस्क. दर शनिवारी भरायची आणि इथे ठेवायची नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर आरसा आणि तोंड दोन्ही एकदमच जातात."

"आता आणखी किती जपायचं?" काका म्हणाले.

"काका," मावशी म्हणाल्या, "त्या खोलीची दुसरी किल्ली कुठाय?"

काकांनी खिशातून कडी काढली. कडीत दोन किल्ल्या होत्या, दोन्ही त्याच खोलीच्या. त्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं, पेटीवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या तिसरी." सुटी डिस्क मावशींच्या घरी, बटणांच्या डब्यात ठेवायचं ठरलं. मावशींचं घर चार थांबे लांब होतं आणि तिसऱ्या मजल्यावर होतं.

दोन आठवडे दुकानात दुसरं काही झालं नाही म्हटलं तरी चालेल. दिवसाला एकशे पासष्ट पाय. पुतणी स्कॅन करायची, मावशी सुतळी सोडून द्यायच्या आणि पुन्हा बांधायच्या, काका नाव सांगायचे. फाइलच्या नावात नंबर, मग डावा की उजवा, मग वर्ष. डावा आधी लिहायचा, असा नियम पुतणीने घातला. कारण कोणी विचारलं नाही.

पंचवीस तारखेला पेटीवाला तपासणीला आला. कोरणारं यंत्र चालू असताना त्याने कपाट उघडलं आणि पेटीतली एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढली. काका खुर्चीवरून अर्धे उठले. यंत्र मात्र चालतच राहिलं. पेटीवर पिवळा दिवा लागला. त्याने डिस्क परत बसवली.

"ही झाली तुमची परीक्षा," काका म्हणाले. "आता माझी."

त्यांनी खुंटी दोनशे बाराचा डावा पाय मागवला. बस चालवणाऱ्या बाईंचा. क्लच दाबून दाबून त्यांच्या चवड्याच्या बाहेरच्या बाजूला गाठ आली होती आणि काकांनी लाकडावर त्या जागी चामड्याचं ठिगळ लावलं होतं. "हा पाय पेटीतून पुसून टाक," ते पुतणीला म्हणाले. "खरोखर पूस. आणि मावशींच्या डब्यातून परत आणून दाखव."

पुतणीने तो पुसला. तसं करताना तिचा हात एकदा थांबला, हे मावशींनी पाहिलं. मग मावशींनी पिशवीतून बटणांचा डबा काढला, त्यातली डिस्क पुतणीने जोडली, फाइल परत आणली आणि यंत्राला लावली. दोन तास सगळे आपापलं काम करत असल्यासारखे वागले.

ताजा पाय हातात आल्यावर काकांनी डोळे मिटले. डाव्या हातात जुना, उजव्यात नवा. अंगठा टाचेपासून निघाला, कमानीतून गेला, चवड्यावर आला, गाठीपाशी थांबला. मागे गेला, पुन्हा आला. मग काका हसायला लागले.

"काय झालं?" पुतणीने विचारलं.

"हे ठिगळ मी घाईत लावलं होतं. कड नीट तासली नव्हती. बाईंना दुसऱ्या दिवशी गावाला जायचं होतं." त्यांनी नवा पाय तिच्या हातात दिला आणि तिचा अंगठा धरून गाठीवरून फिरवला. लाकडात कागदाएवढी बारीक पायरी लागत होती. "माझी चूकसुद्धा उचललीय याने. दोन्हींत फरक एवढाच की याला नव्या लाकडाचा वास येतोय."

त्यांनी कडी काढली, त्यातल्या दोन्ही किल्ल्या सोडवल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या.

उरलेल्या दिवसांत गिऱ्हाइकांना फोन गेले की आपापले लाकडी पाय घेऊन जा. बरेच जण आले. हेडमास्तरांनी आपली जोडी पुस्तकांच्या दोन टोकांना लावणार असं सांगितलं. बसवाल्या बाईंनी गाठवाला पाय दार अडवायला नेला. ज्यांचं कोणी आलं नाही, ते पाय शेजारच्या सुतारकामाच्या शाळेत गेले. एकोणतीस तारखेला खोली रिकामी झाली आणि घरमालकाच्या मुलीने भिंतीवरच्या खुंट्यांच्या रांगांकडे बघून विचारलं की यातल्या दहा-बारा तशाच ठेवल्या तर चालतील का, पेशंटना पिशव्या अडकवायला. काकांनी कोणत्या ठेवायच्या तेही सांगितलं.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पेटीवाला पुन्हा आला, या वेळी गिऱ्हाईक म्हणून. नंबर आठशे सत्तेचाळीस. तपासणीच्या दिवशीच पुतणीने स्कॅनर परत करण्याआधी त्याचे पाय घेऊन ठेवले होते. पेटीत सरळ गेलेला, खुंटीवर कधीच न टांगलेला हा पहिला माणूस. मावशींनी शिवलेले तपकिरी बूट त्याने घातले, नाड्या बांधल्या, दारापर्यंत गेला आणि परत आला. मग पुन्हा गेला.

"कसे आहेत?" काकांनी विचारलं.

"चावत नाहीत."

"डावा?"

पेटीवाला उभा राहून डाव्या पायावर जोर देऊन बघत होता. "डावा आहे हे कळतच नाहीये."

काकांनी कपाटाकडे पाहिलं. जाळीमागे दोन हिरवे दिवे स्थिर होते.

"दोन्ही नीट ठेव," ते पुतणीला म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी स्टूल ओढलं.